मुंबईच्या मुलांचें मैदान

मुंबईंत ज्या घरीं दोन-तीन मुलें असतात, त्या घरीं सुटीच्या सकाळीं एकच वाद निघतो : खेळावयास जावयाचें कोठें ? चाळीच्या चौकांत खिडक्यांच्या काचा आड येतात, रस्त्यावर मोटारी. अखेरीस पावलें वळतात तीं मैदानाकडेच. शहराच्या ऐन पोटांत, जेथें हातभर जमिनीसाठीं कज्जे चालतात तेथें, एवढी मोकळी जागा शिल्लक राहिली कशी ? ती मुलांसाठीं राखलेली नव्हती, हें प्रारंभींच सांगितलें पाहिजे. ती राखली होती तोफांसाठीं.

अठराव्या शतकांत इंग्रजांच्या कोटाबाहेर माडांच्या वाड्या व घरें होतीं. शत्रूस आडोसा मिळूं नये व तटावरील तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून तीं हटवून कोटाभोंवतीं रिकामी पट्टी ठेवण्यांत आली, आणि पुढें ती आणखी रुंदावण्यांत आली. इंग्रज तिला एस्प्लनेड म्हणत. तेथें पलटणी कवायत करीत, उन्हाळ्यांत गोऱ्यांचे तंबू पडत, संध्याकाळीं लोक वारा खावयास येत. गुरेंहि चरत, सरकारनें चराईवर पट्टी बसविली तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं ठाकुरद्वाराजवळ जमीन घेऊन गुरांची फुकट सोय केली. गुरांना वाली मिळाला. मुलांना मात्र स्वतःच भांडावें लागणार होतें.

सर बार्टल फ्रियर १८६२ सालीं गव्हर्नर झाले व त्यांच्या कारकीर्दींत कोटाचे तट पाडले गेले. तोफांचें प्रयोजन संपलें. जागेच्या कडेनें हायकोर्ट, विद्यापीठ, सचिवालय अशा इमारती उठल्या, परंतु मधली जमीन मोकळी राहिली. आज तिचेच तुकडे कूपरेज, ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान या नांवांनीं ओळखले जातात.

या जमिनीवर गोऱ्या शिपायांचा खेळ पाहून पारशी मुलें क्रिकेट शिकलीं. उंच टोपी उभी करून तिची यष्टी, छत्रीची बॅट, आणि चिंध्या भरून मोच्याकडून शिवून घेतलेला वेडावांकडा चेंडू, असा तो थाट होता. १८४८ सालीं त्यांनीं ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पाठोपाठ हिंदूंचेहि क्लब निघाले.

१८७५ सालीं युरोपियनांचा बाँबे जिमखाना स्थापन झाला. त्याचें स्वतःचें हिरवळीचें पटांगण राखीव होतें व तेथें एतद्देशीयांस मज्जाव होता. इतकें असूनहि जिमखान्याचे सभासद पोलो खेळत तो उरलेल्या सार्वजनिक भागावर. घोड्यांच्या टापांनीं जमीन उखडे. दुसऱ्या दिवशीं तेथें चेंडू टाकावा तर तो कोठें उसळेल याचा नेम नसे. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थानें पुढाकार घेऊन १८८१ सालीं शेंकडों खेळाडूंच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. मूठभर पोलोवाल्यांच्या करमणुकीसाठीं शेंकडों क्रिकेटवाल्यांनीं खेळ कां सोडावा, हा त्यांचा साधा हिशेब होता. सरकारला तो पटला व पोलो कूपरेजला हलविण्यांत आला. परंतु जिमखान्यानें आरडाओरड करतांच हुकूम फिरला, आणि घोडे परत आले. शापूरजींनीं ही सारी हकीकत १८९७ सालीं पुस्तकरूपानें छापून ठेविली म्हणून ती आज कळते ; सरकारी दप्तरावर विसंबून एवढा तपशील क्वचितच हातीं लागता.

तडजोड निघाली ती मरीन लाइन्सजवळ समुद्रकांठीं. पारशी जिमखाना १८८५ सालीं स्थापन झाला व त्यास तेथें जागा मिळाली. पुढें शेजारींच इस्लाम व हिंदु जिमखान्यांसहि मिळाली. ही तडजोड अपुरीच होती. जिमखाना म्हटला कीं वर्गणी आली. ज्याच्या खिशांत वर्गणी नाहीं, त्या पोरास जुनें मैदानच हवें होतें.

शहर उत्तरेकडे पसरलें तेव्हां तरी नव्या वस्तीसाठीं अशी जागा आधींच योजली गेली. १८९६ च्या प्लेगनें दाटीचे दुष्परिणाम सरकारच्या डोळ्यांसमोर आणले. १८९८ मध्यें सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला व दादर-माटुंग्याची आंखणी झाली. माहीम पार्क १९२५ सालीं खुलें झालें. अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें १९२७ मध्यें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. सुमारें २८ एकरांच्या त्या जागेंत क्रिकेट आहे, मल्लखांब आहे, आणि ज्यास कांहींच येत नाहीं त्यास धांवण्यापुरती मातीहि आहे.

खास मुलांसाठीं बांधलेल्या जागा शहरांत नाहींत असें नव्हे. मलबार हिलवर १९५२ सालीं कमला नेहरू पार्क झालें, आणि तेथील म्हातारीचा बूट ठाऊक नाहीं असें मूल मुंबईंत विरळा. पण बुटांत एकदां चढून उतरलें कीं पुढें काय ? मैदानांत खेळ मुलांनाच रचावा लागतो, आणि म्हणूनच तो संपत नाहीं.

आझाद मैदानावर एकाच वेळीं वीसपेक्षां अधिक सामने चालूं शकतात. जागा इतकी अपुरी, कीं एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारीं उभा असतो, आणि येणारा चेंडू आपला कीं परका हें त्यास क्षणांत ओळखावें लागतें. १९८८ च्या फेब्रुवारींत शाळांच्या हॅरिस शील्ड स्पर्धेंत शारदाश्रमाच्या दोन मुलांनीं येथेंच नाबाद ६६४ धांवांची भागी केली. विनोद कांबळीच्या ३४९, सचिन तेंडुलकरच्या ३२६. जेथें घोड्यांना हटवा म्हणून शापूरजींनीं अर्ज केला होता, ती जमीन याच मैदानाचा भाग होय.