माळवदाची किंमत

मराठवाड्यांतील खेड्यांत घराचा मोठेपणा खणांनीं सांगण्याची जुनी रीत आहे. दोन तुळ्यांमधील जागा म्हणजे एक खण. आणि पांच खणांचें किंवा नऊ खणांचें घर म्हटलें कीं घरधन्याची ऐपत ऐकणाऱ्यास तेव्हांच कळे. या खणांवर जें छप्पर असे तें कौलांचें नव्हे कीं गवताचें नव्हे, तर मातीचें. खांबांवर तुळ्या, तुळ्यांवर कडीपाट आणि कडीपाटावर दीड-दोन फूट माती अंथरून ती चोपलेली, असें हें सपाट माळवद. त्याखालीं काळ्या दगडाच्या, चिखलांत रचलेल्या भिंती. दोन फुटांहून पातळ सहसा नाहींत, आणि जुन्या वाड्यांतून चार-चार फूट जाड. अशा घरांत वैशाखाच्या भर दुपारीं पाऊल टाकणाऱ्यास पहिल्या क्षणीं कांहींच दिसत नाहीं, इतका तेथें अंधार असतो. पण दुसऱ्याच क्षणीं अंगावरून गार हात फिरल्यासारखें वाटतें.

हा गारवा मातीच्या आळशीपणांतून येतो. तापलेल्या थरांतून उष्णता खालीं उतरते ती इंचाइंचानें, आणि प्रत्येक इंचास तिचा जोर थोडा ओसरतो. दीड फूट मातींत दुपारीं दोन वाजतां शिरलेली धग खालच्या फळ्यांपर्यंत पोंचेतों पहाट होते, व तोंवर तिच्यांतील फारच थोडी शिल्लक उरते. मधल्या काळांत वरची माती आपली उष्णता मोकळ्या आकाशास परत देऊन टाकते. लातूर, औसा, उमरगा या भागांत उन्हाळ्यांत पारा 40 अंशांवर चढतो, परंतु रात्रीं हवा उतरते. आणि पाऊस पडतो तो कोंकणासारखा कोसळत नाहीं. या दोन गोष्टींवर माळवदाचें सारें शास्त्र उभें आहे.

आतां या गारव्यास खर्च किती येई? वहींत पाहिलें तर जवळ जवळ कांहींच नाहीं. खर्च दिसे तो लाकडाचा, सुताराचा. माती गांवचीच. शेताची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, असे दोन शब्द मराठी खेड्याच्या व्यवहारांत फार जुने आहेत. माळवदास लागे ती ही पांढरीचीच माती. ती चोपल्यावर पाणी लवकर आंत जाऊं देत नाहीं. तरीहि पावसाळ्यांत कोठें तरी थेंब गळेच. म्हणून मृगाच्या आधीं घरचीं माणसें डोकीवर पाट्या वाहून नवा थर घालीत. जुना थर काढून टाकण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेई. आजोबांच्या वेळचें एक फुटाचें माळवद नातवाच्या हातीं दोन फुटांचें होऊन येई, आणि घर पूर्वीपेक्षां थंड लागतें म्हणून सर्वांस समाधान वाटे.

या समाधानाची किंमत रुपयांत कधींच मोजली गेली नाहीं. ती वजनांत मोजावी लागते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर दीड फूट माती म्हटली म्हणजे सुमारें 7 टनांचा भार झाला. एक भरलेली मालमोटार निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर उभी करावी, तसा. हा भार कोठें लाकडी खांबांनीं पेलला होता, कोठें तुळ्यांचीं टोकें थेट भिंतींवर टेकविलेलीं होतीं. आणि भिंत जाड असली तरी ती एकजीव नव्हती. आंतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मध्यें चिपा व माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारे लांब आरपार दगड मधून मधून घालावे लागतात. पण असा दगड निवडून घडवून घ्यावयाचा म्हणजे मजुरी आली. जेथें काटकसर करूं नये नेमकी तेथेंच ती झाली होती. शतकानुशतकें त्यानें कांहीं बिघडलें नाहीं, कारण सरळ खालीं येणारें वजन अशी भिंत मुकाट्यानें सोसते.

1992 सालच्या ऑगस्टपासून औसा तालुक्यांतील किल्लारी व आसपासच्या गांवांस लहान धक्के बसूं लागले. ऑक्टोबरांत एक बराच मोठा बसला. भिंतींना तडे गेले. लोक कांहीं दिवस घराबाहेर निजले. पुढें धक्के थांबले आणि लोक पुन्हा घरांत गेले. त्यांस दोष देणें सोपें आहे. परंतु सरकारी नकाशांतहि हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनें सर्वांत निर्धोक अशाच वर्गांत घातलेला होता, आणि माथ्यावरची कांहीं टन माती उतरवून ठेवा, नाहीं तर ती जीव घेईल, असें सांगणारें तेथें कोणी नव्हतें.

1993 सालच्या 29 सप्टेंबरला अनंतचतुर्दशी होती. गणपति बोळवून गांवें निजलीं. 30 तारखेस पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनीं जमीन हलली. भूकंप 6.2 मापाचा, म्हणजे जगाच्या हिशेबानें मध्यमच. पण सुमारें 8,000 माणसें त्यांत गेलीं. आडव्या हिसक्यासरशीं भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून फुटले, मधल्या चिपा ओघळल्या आणि वरचें माळवद सबंध खालीं आलें. पुष्कळांचा जीव दगडानें घेतला, तसा पुष्कळांचा मातीनेंहि. बारीक मातीखालीं पुरलेल्या माणसास श्वास घेण्याइतकी पोकळीहि मिळत नाहीं. ज्यांना कडीपाट परवडला नव्हता, असे गांवकुसाबाहेरचे झोपड्यांतले लोक त्या मानानें वांचले. ऊन रोखण्याची ऐपत नसणें हेंच त्या एका पहाटे त्यांच्या कामीं आलें.

यानंतर जें घडलें तें साहजिकच होतें. दगडाचें नांव काढलें तरी लोकांच्या अंगावर कांटा येई. प्रथम पत्र्याचे निवारे आले. पुढें जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्यानें 52 गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. ज्याची जशी जमीन तसें त्यास 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचें घर मिळालें. रुंद सरळ रस्ते, पातळ भिंती आणि पुष्कळ ठिकाणीं काँक्रीटचें सपाट छत. जीव सुरक्षित झाला, आणि वैशाख घरांत आला. चार-पांच इंचांचें उघडें काँक्रीट दुपारचें ऊन संध्याकाळच्या आंतच खोलींत उतरवितें. पत्रा तर तेवढाहि वेळ घेत नाहीं.

घरांच्या उष्णतेविषयीं 2018 सालीं भारत सरकारनें जी इको-निवास संहिता काढली, तिच्यांत छतासाठीं एक मर्यादा दिली आहे: आंत-बाहेर एका अंशाचा फरक असतां एका चौरस मीटरमधून 1.2 वॉटपेक्षां अधिक उष्णता जाऊं नये. उघड्या काँक्रीटमधून याच्या जवळ जवळ तिप्पट जाते. किल्लारीचें जुनें, निरक्षर म्हटलें जाणारें माळवद मात्र या परीक्षेंत हिशेबानें उत्तीर्ण होतें! त्याच परीक्षेंत काँक्रीटचें छतहि उत्तीर्ण होऊं शकतें. त्यावर एक इंच जाडीचा फेसाळ प्लॅस्टिकचा थर पुरतो. शंभर चौरस फुटांस त्याचें वजन सात-आठ किलो. सात टनांचें काम सात किलोंत होतें, परंतु हे सात किलो पांढरीवरून पाटींत भरून आणतां येत नाहींत. ते रोख पैशानें विकत घ्यावे लागतात, आणि वर पुन्हा ऊनपावसापासून झांकावे लागतात. पुण्यामुंबईच्या गच्च्यांवरहि गळती थांबविण्यासाठीं विटांच्या तुकड्यांचा जड कोबा अजून घातला जातोच. तेव्हां खेड्यांतील मनुष्यानें स्वस्त पण जड वस्तु निवडली म्हणून शहरानें हंसण्याचें कारण नाहीं.

जीं गांवें हलविलीं नाहींत, तेथें सुमारें दोन लाख घरांच्या दुरुस्तीसाठीं नुकसानीप्रमाणें 17,000 किंवा 34,000 रुपये देण्यांत आले. अभियंत्यांची सूचना अशी होती कीं जुनें घर मोडूं नये: भिंतींतून आरपार जोड घालावे, खांब व तुळ्या यांच्या सांध्यांत तिरके आधार द्यावे आणि माळवदाची माती उतरवून आठ इंचच ठेवावी, गळतीसाठीं मध्यें प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. खर्चाच्या दृष्टीनें याहून शहाणपणाची तोड दिसत नाहीं. पण पुष्कळांचा जुन्या भिंतींवरचा विश्वासच उडाला होता. त्यांनीं त्या पैशांत शेजारीं एक नवी लहान खोली बांधली आणि जुनें घर होतें तसेंच राहूं दिलें, डोक्यावरच्या मातीसकट. ज्यांनीं सूचना मानली, त्यांच्या दहा फुटी खोलीवरचा भार सात टनांवरून तीन टनांवर आला. त्यांच्या घरांत दुपारीं दोनचें ऊन आतां पहाटेस नव्हे, तर दिवेलागणीनंतर, रात्रीं आठच्या सुमारास छताखालीं उतरतें.