माथ्यावरचं बिऱ्हाड

निवृत्त माणसाच्या हातात फंडाचे पैसे आले की त्याला तीनपैकी एक गोष्ट जडते : मधुमेह, अध्यात्म किंवा दुसरं घर. मधुमेह मला आधीपासूनच होता. अध्यात्म वरच्या मजल्यावरच्यांनी घेतलं होतं आणि त्यांची भजनं रात्री अकरापर्यंत आमच्या छतातून गळत होती. राहता राहिलं घर.

कर्जतपासून खालापूरपर्यंतचा सगळा पट्टा हल्ली घरांच्या जाहिरातींनी भरून गेला आहे. प्रत्येक फलकावर एक निळा तलाव आणि तलावाकाठी कॉफी पीत बसलेलं, कर्जाचे हप्ते नसलेलं जोडपं. पण मला नवं घर नको होतं. मला इतिहास असलेलं घर हवं होतं. आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकला इतिहास नाही असं नाही, पण तो सगळा ड्रेनेजचा आहे.

“मग कर्जत तालुक्यातच एक आहे, काका,” एजंट म्हणाला. “फक्त जरा उंचावर आहे.”

जरा म्हणजे 800 मीटर. घर माथेरानच्या बाजारपेठेत होतं.

हे ऐकल्यावर मी आठ दिवस वाचनालयात काढले आणि मिळवलेलं सगळं ज्ञान टॅक्सीत नेरळपासून वरपर्यंत ओतलं. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावी तंबू ठोकून होते. चौक म्हणजे आजच्या खालापूर तालुक्यातलं, डोंगराच्या त्या अंगाचं. उकाड्यानं हैराण झालेले साहेब एका संध्याकाळी सहज डोंगर चढून गेले, वरची झाडी पाहून खूष झाले आणि दुसऱ्या दिवशी म्हणे चौकच्या पाटलाला घेऊन पुन्हा आले. अशा रीतीनं माथेरानचा शोध लागला.

“पाटलाला वाट ठाऊक होती ना?” सौ. म्हणाली.

“असणारच.”

“मग शोध कुणी लावला?”

बायकांना इतिहास सांगू नये तो याचसाठी. धनगर आणि ठाकर त्या डोंगरावर पूर्वीपासून वावरत होते. माथ्यावरचं रान म्हणून माथेरान हे नावसुद्धा तयार होतं. साहेबानं फक्त त्यावर बंगला बांधला. पाठोपाठ 1855 साली गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येऊन गेले आणि माथेरानची फॅशन झाली. 1856 साली आगगाडी खोपोलीपर्यंत पोचली, नेरळ रुळांवर आलं, आणि मुंबईचे साहेब, पारशी शेठ, बोहरी व्यापारी उन्हाळा घालवायला वर येऊ लागले. नेरळहून पुढे घोडा किंवा पालखी. 1907 साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं 2 फूट रुंदीच्या रुळांची छोटी गाडी वर चढवली, त्यालाही 16 लाख रुपये लागले. या गाडीच्या वाटेवर ‘वन किस’ नावाचा एकुलता एक बोगदा आहे. आमच्या वयात तेवढ्या अंधारात चष्मा पुसून होतो.

टॅक्सी दस्तुरीला थांबली. पुढे मोटारीला बंदी. एका म्हाताऱ्या हमालानं आमची बॅग डोक्यावर घेतली आणि तांबड्या धुळीतून असा चालू लागला, की मोकळ्या हातांनी चालणारा मी दर शंभर पावलांवर निसर्गसौंदर्य पाहायला थांबू लागलो. समोरून घोडे येत होते. एकावर सिमेंटच्या गोणी होत्या, दुसऱ्यावर संडासाचं भांडं. सौ.नं त्या भांड्याकडे बराच वेळ पाहिलं. घराची खरी किंमत तिला तिथेच कळली असावी.

घर मात्र पाहताक्षणी आवडलं. जांभ्याच्या भिंती, पत्र्याचं उतरतं छप्पर, पुढे लाकडी कठड्याची पडवी आणि कठड्यावर एक माकड, मालकासारखं बसलेलं.

“1880 चं बांधकाम,” एजंट म्हणाला. “इथं गव्हर्नरसाहेब चहा पिऊन गेलेत.”

“कुठले गव्हर्नर?”

“त्या वेळी जे असतील ते.”

जमीन? ती सरकारची, भाडेपट्ट्यावर. म्हणजे मी विकत घेणार फक्त भिंती. आणि त्या भिंती पाडून वाढवायच्या म्हटल्या तर? एजंट हसला. 2003 साली केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आहे, तेव्हा परवानगीशिवाय काही करायचं नाही. थोडक्यात, जमीन आपली नाही, भिंतींना हात लावायचा नाही, आणि पावसाळ्यात दोनशे इंच पाऊस आत येऊ नये म्हणून पश्चिमेच्या भिंतीला ताडपत्री बांधायची ती तेवढी आपली.

इतक्यात आतून आमचा हमाल पाण्याचे दोन तांबे घेऊन आला.

“हे इथंच राहतात,” एजंट घाईनं म्हणाला. “जुने भाडेकरू. ते खाली करून द्यायचं माझ्याकडे लागलं.”

मी तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच राहिला. ज्या माणसाच्या डोक्यावरून माझी बॅग इथवर आली, त्यालाच आता बिऱ्हाड डोक्यावर घेऊन उतरायला लावायचं होतं, आणि तेही माझ्या फंडाच्या पैशानं.

“बसा साहेब,” म्हातारा म्हणाला. “गेल्या वर्षी पण दोघे बघून गेले.”

सौ.नं त्याला सरळ विचारलं, “मामा, तुम्ही किती वर्षं इथं?”

उत्तरादाखल त्यानं बिस्किटांचा एक गंजका डबा आणला. डब्यात भाड्याच्या पावत्या होत्या, दोऱ्यानं बांधलेल्या, आजोबांच्या नावापासून. आजोबा रिक्षा ओढायचे, बाप ट्रंका वाहायचा. पावत्यांवरचा मालक तीनदा बदलला होता. एक पारशी, एक गुजराथी, एक नुसतीच सही. भाडेकरू एकाच घरातले. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं यांना धरून ठेवलं आणि 1999 च्या कायद्यानंही सोडलं नाही.

“आमचा बाप भाई कोतवालांचं सांगायचा,” तो म्हणाला. “याच बाजारात फिरायचे म्हणे.”

माझ्या आठ दिवसांच्या वाचनात लॉर्ड एल्फिन्स्टन दोनदा आला होता. कोतवाल मी ‘इतर माहिती’ म्हणून सोडून दिले होते. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म माथेरानचा, 1912. नाभिकाच्या घरातला मुलगा वकील झाला, गावच्या नगरपालिकेत निवडून आला, आणि 1942 साली आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडू लागला. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी तो आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. माथेरानचे पॉइंट साहेब-मडमांच्या नावांचे. तलावसुद्धा शार्लटचा. आणि मी गव्हर्नर कुठल्या खुर्चीत बसले होते ते शोधत होतो.

“अहो,” सौ. म्हणाली, “हे घर विकलं गेलेलं आहे.”

“कुणाला?”

तिनं डब्याकडे बोट दाखवलं. मी एजंटकडे पाहायचं टाळलं. मग तिनं म्हाताऱ्याला मे महिन्यात पंधरा दिवस पुढची खोली भाड्यानं द्याल का म्हणून विचारलं. तो दचकलाच.

“भाडं नको, ताई. पोटभाडेकरू ठेवला म्हणून मालक कोर्टात जाईल. पाहुणे म्हणून या. जाताना नातवाच्या हातावर काय ठेवायचं ते ठेवा.”

उतरताना बॅग मी घ्यायला निघालो, पण म्हातारा देईना. एजंट दस्तुरीपर्यंत गप्प होता. टॅक्सीचं दार लावता लावता मात्र त्यानं डोकं आत घातलं.

“काका, चौकला एक नवी स्कीम आहे. तलाव वगैरे. इतिहासपण आहे, ते तुमचे मॅलेटसाहेब तिथूनच तर निघाले होते!”