‘दिला’ या क्रियापदाचा हिशेब

बी. ए. च्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दर वर्षी भेटते : ‘राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ साली निग्रोंना मतदानाचा हक्क दिला.’ वाक्य गाईडमधले आहे. मी त्याला गुण देतो, कारण साल बरोबर असते आणि नावही बरोबर असते. खटकते ते क्रियापद. ‘दिला’ म्हणजे कोणी दिला, आणि आपल्या पदरचे काय दिले? आपल्या समाजाविषयीही हेच क्रियापद सर्रास वापरले जाते. माझी शिष्यवृत्ती ‘सरकारनं दिली’ असे माझे वडील हात जोडून सांगत. म्हणून या क्रियापदाचा हिशेब एकदा मांडणे मला आवश्यक वाटते.

मुळात काळ्यांचा मताचा हक्क १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कागदावर आलेलाच होता. दक्षिणेतल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी घटनेला हात न लावता तो मारून टाकला. मत देण्यासाठी कर लावला, साक्षरतेच्या परीक्षा लावल्या, आणि एवढे करूनही कोणी कचेरीत नाव नोंदवायला गेलाच तर त्याची नोकरी घालवली किंवा त्याला मारहाण केली. अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावी मतदानास पात्र असलेल्या काळ्यांपैकी शंभरात दोघातिघांचेच नाव यादीत होते. २२ जानेवारी १९६५ रोजी तिथले शंभराहून अधिक काळे शिक्षक मोर्चाने कचेरीवर गेले. ज्यांचा पगार गोऱ्यांच्या शिक्षण मंडळाच्या हाती, त्या माणसांनी रस्त्यावर यावे याचा अर्थ, पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

फेब्रुवारीत जिमी ली जॅक्सन हा तरुण पोलिसाच्या गोळीने मेला. ७ मार्चच्या रविवारी सुमारे सहाशे माणसे राज्याच्या राजधानीकडे चालत निघाली. गावाबाहेरच्या पुलावर पोलिसांनी त्यांना लाठ्यांनी आणि अश्रुधुराने झोडपले. जॉन लुईस या पंचवीस वर्षांच्या कार्यकर्त्याचे डोके फुटले. ही दृश्ये त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून अमेरिकेच्या घराघरांत गेली. दुसऱ्या दिवशी, ८ मार्चला, सुमारे साडेतीन हजार अमेरिकी मरीन सैनिक व्हिएतनाममधल्या दा नांग येथे उतरले. जगाला लोकशाही शिकवायला निघालेल्या या राष्ट्राने आपल्याच नागरिकांना पुलावर अडवले होते. १५ मार्चला जॉन्सन काँग्रेससमोर उभे राहिले. त्यांनी मतदान हक्काचा कायदा मागितला आणि चळवळीच्याच गाण्याचे ध्रुपद उच्चारले.

जॉन्सन यांचे श्रेय मला नाकारायचे नाही. काँग्रेसमधल्या पहिल्या वीस वर्षांत नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मत देत आलेला हा टेक्ससचा माणूस १९६४ आणि १९६५ चे दोन मोठे कायदे रेटून नेतो, ही लहान गोष्ट नव्हे. ६ ऑगस्ट १९६५ ला सही झालेल्या कायद्याला दातही होते. ज्या प्रदेशांचा इतिहास काळा, त्यांना निवडणुकीचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे. मिसिसिपीत यादीवर असलेल्या काळ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, ते १९६७ पर्यंत सुमारे ६० टक्क्यांवर गेले. पण राष्ट्राध्यक्षाच्या हाती लेखणी होती. ती उचलायला भाग पाडणारे हात पुलावर रक्ताळलेले होते. एवढा भेद आमच्या गाईडला कळत नाही.

आणि एका सहीने पोटाचा प्रश्न सुटत नसतो. कायद्यानंतर पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसची वॉट्स ही काळ्यांची वस्ती पेटली. ३४ माणसे मेली. जॉन्सन यांनी १९६४ मध्ये गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले होते, पण खरे युद्ध व्हिएतनाममध्ये चालू झाले. १९६८ पर्यंत तिथे पाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते. ४ एप्रिल १९६७ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांनी न्यूयॉर्कच्या चर्चमधून स्पष्ट सांगितले की गरिबांच्या योजनांचा पैसा आणि देशाचे मन ही दोन्ही हे युद्ध ओढून नेत आहे. अनेक हितचिंतकांनी तेव्हा त्यांना दूर केले. बरोबर वर्षाने मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला. ते तिथे सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते. त्याआधी चारच दिवस जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले होते. याच काळात, १९६६ मध्ये, ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला. त्याचे नाव १९७२ मध्ये मुंबईपर्यंत कसे आले, हे या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

पुढचे राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले. रेगन यांनी १९८३ मध्ये किंग यांच्या जयंतीच्या सुटीवर सही केली, आणि १९८६ मध्ये अशा कायद्यावर, की ज्याने काळ्या वस्त्यांतल्या ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम कोकेन पावडरीइतकीच किमान शिक्षा ठरली. पुतळ्याला हार आणि पोराला तुरुंग, ही रीत आपल्या ओळखीची आहे.

मग २००८ मध्ये ओबामा निवडून आले. आपल्या वस्त्यांतूनही आनंद झाला, मलाही झाला. सत्तेला आपण गुरुकिल्ली म्हणतो, आणि ती एका काळ्या माणसाच्या हाती आली होती. पण वारशात त्यांना दोन युद्धे आणि कोसळलेल्या बँका मिळाल्या. तेच पदावर असताना २५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी १९६५ च्या कायद्याचे दात काढले : पूर्वमंजुरी कोणत्या प्रदेशांना लागू हे ठरवणारे कलमच रद्द केले. त्याच दिवशी टेक्ससने मतदारांच्या ओळखपत्राचा आपला अडलेला कायदा लागू करण्याचे जाहीर केले. मार्च २०१५ मध्ये ओबामा जॉन लुईसांसोबत सेल्माच्या त्या पुलावरून चालले, तेव्हा ज्या मोर्चाची पन्नाशी साजरी होत होती त्याने मिळवलेला कायदा अर्धा मोडलेला होता.

बायडेन यांच्या काळात, ऑगस्ट २०२१ मध्ये, काबूलमधून अमेरिकी सैन्य निघत असतानाच, तो कायदा दुरुस्त करणारे विधेयक लुईसांच्या नावाने प्रतिनिधिगृहात मंजूर झाले. सिनेटमध्ये चर्चा थांबवण्यासाठी लागणारी ६० मते मिळाली नाहीत. ते तिथेच अडले. लुईस त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते.

तेव्हा ‘दिला’ हे क्रियापद खोटे आहे. त्याच्या जागी मी वर्गात ‘मिळवला’ असे सांगत आलो, आणि मला वाटे की हिशेब संपला. तो संपत नाही. १८७० मध्ये मिळवलेले मोडले, म्हणून १९६५ मध्ये पुन्हा मिळवावे लागले. तेही २०१३ मध्ये मोडले. मोडणाऱ्यांनी दोन्ही वेळा घटनेला नमस्कार करूनच मोडले. सिंहासनावर आपला माणूस बसला म्हणजे राखण करायची गरज सरली, असे समजणे हीच मोठी चूक. म्हणून आता मी फळ्यावर तिसरे क्रियापद लिहितो : ‘राखला’. त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घालतो, आणि उत्तर मुलांवर सोडतो.