पुळणीवरची वहिवाट : ऑरेगनच्या किनाऱ्यावरील कौटुंबिक मुक्कामांचा इतिहास

अमेरिकेतील ऑरेगन राज्याला प्रशांत महासागराचा सुमारे ५८० किलोमीटर लांबीचा किनारा लाभला असून, उत्तरेस कोलंबिया नदीच्या मुखापासून दक्षिणेस कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत लांबलचक पुळणी, समुद्रात घुसलेली काळ्या कातळाची भूशिरे आणि सूचिपर्णी वृक्षांची दाट वने तेथे एकामागून एक येत राहतात. उन्हाळ्यात मुलाबाळांसह या किनाऱ्यावर तंबू ठोकून राहण्याची प्रथा तेथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. वरकरणी ती हौसेची बाब वाटते; परंतु सामान्य कुटुंबांच्या या मुक्कामांनी पिढ्यान्‌पिढ्या जी वहिवाट पाडली, तिच्याच आधारे पुढे या राज्याचा समुद्रकिनारा सर्वांसाठी खुला राहिला, आणि म्हणून या प्रथेचा इतिहास हा एका सार्वजनिक हक्काचाही इतिहास ठरतो.

या किनाऱ्यावरील पहिल्या चुली गोऱ्या वसाहतकारांच्या नव्हत्या. क्लॅटसॉप, टिलामूक, अल्सी, सायूस्लॉ, कूस आदी मूलनिवासी समाज ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूतून शिंपले खणून काढीत आणि वरच्या कोरड्या वाळूत जाळ करून ते शिजवीत. १८५५ मध्ये अमेरिकी शासनाने किनाऱ्यावरच एक राखीव प्रदेश ठरवला आणि त्यानंतर यांपैकी अनेक समाजांना तेथे हलवले. मात्र १८६५ मध्ये त्या प्रदेशातील याक्विना उपसागराभोवतीचा पट्टा काढून घेऊन वसाहतीसाठी खुला करण्यात आला, आणि १८७५ मध्ये उरलेल्या भूमीचा मोठा भागही गेला. याक्विना उपसागराच्या मुखाशी वसलेल्या न्यूपोर्ट गावात ‘ओशन हाउस’ हे प्रवाशांसाठीचे निवासगृह १८६६ मध्ये सुरू झाले, म्हणजे हा पट्टा खुला होताच तेथे पाहुण्यांची सोय उभी राहिली. किनाऱ्यावरील सुटीची परंपरा आणि मूलनिवासींची हकालपट्टी या दोन घटना काळाने व स्थळाने इतक्या जवळ आहेत की एकीचा विचार दुसरीला वगळून करता येत नाही.

आरंभीच्या काळात विलामेट खोऱ्यातील शेतकरी कुटुंबे घोडागाडीत कॅनव्हासचे तंबू, अंथरुणे आणि भांडीकुंडी घालून किनारी डोंगररांग ओलांडून समुद्रावर येत असत. पुढे १८८५ मध्ये कॉर्व्हॅलिसहून याक्विनापर्यंत आणि १८९८ मध्ये पोर्टलंडहून अस्टोरियामार्गे सीसाइडपर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर शहरी कुटुंबांनाही हा प्रवास आवाक्यात आला. आई व मुले उन्हाळाभर किनाऱ्यावर बिऱ्हाड करून राहत, तर नोकरी-व्यवसायात अडकलेले वडील आठवड्याच्या अखेरीस येऊन परत जात. त्यामुळे पोर्टलंडहून सुटणाऱ्या या साप्ताहिक गाडीला ‘डॅडी ट्रेन’ असेच नाव पडले.

किनाऱ्यालगत पक्के रस्ते नसल्यामुळे एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याची वाट पुळणीवरूनच होती, कारण ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली वाळू घोड्यांच्या टापा आणि गाडीची चाके पेलण्याइतकी घट्ट असते. जेथे भूशीर थेट पाण्यात उतरे, तेथे अडचण येई. कॅनन बीच गावाच्या दक्षिणेस हग पॉइंट नावाच्या भूशिराच्या पायथ्याशी कातळ फोडून एका गाडीपुरती वाट कोरलेली असून, ओहोटीच्या वेळी तिच्यावर चाकोऱ्यांच्या खुणा आजही दिसतात. भरतीच्या वेळा न पाहता निघालेल्या प्रवाशाला तेथे पाणी उतरेपर्यंत खोळंबावे लागे.

याच वापराचे १९१३ मध्ये कायद्यात रूपांतर झाले. तत्कालीन राज्यपाल ऑस्वल्ड वेस्ट यांच्यासमोर प्रश्न असा होता की, राज्याच्या मालकीची भरती-ओहोटीमधली भूमी तुकड्यातुकड्यांनी खाजगी व्यक्तींना विकली जात होती, आणि किनारा लोकांसाठी राखावा असे थेट म्हटल्यास विधिमंडळ मान्य करील याची शाश्वती नव्हती. त्यांनी युक्तीने एक अगदी छोटे विधेयक मांडून सर्वसाधारण भरतीरेषेपासून नीचतम ओहोटीच्या रेषेपर्यंतचा किनारा ‘सार्वजनिक महामार्ग’ म्हणून घोषित करवला. करदात्यांना एक पैशाचाही भार न पडता मैलोन्‌मैल रस्ता मिळतो, हा युक्तिवाद विधिमंडळाला पटला. मात्र या कायद्याचे संरक्षण ओल्या वाळूपुरतेच होते. भरतीरेषेच्या वरची, वनस्पतींच्या रेषेपर्यंतची कोरडी वाळू, जिथे प्रत्यक्षात शिदोऱ्या सुटत, लाटांनी आणून टाकलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला शेकोट्या पेटत आणि मुले खेळत, तिच्याबद्दल कायदा मूक होता.

विसाव्या शतकात मोटारीने या प्रथेचे स्वरूप पालटले. १९३२ पर्यंत किनारी महामार्ग जवळजवळ पूर्ण झाला, १९३६ मध्ये अभियंता कॉन्डे मॅककुलो यांनी रचलेले पाच मोठे पूल खुले होऊन तेथील तरीची गरज संपली, आणि महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी स्थापन झालेल्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ या दलाने किनाऱ्यावरील उद्यानांत पायवाटा आणि दगडी निवारे बांधले. १९२९ पासून १९५० पर्यंत राज्य उद्यानांचे अधीक्षक असलेले सॅम्युअल बोर्डमन यांनी किनाऱ्यावरच्या जागा एकेक करून उद्यानांसाठी मिळवल्या. परंतु रात्रीच्या मुक्कामाने निसर्गाची हानी होते, असे त्यांचे मत असल्यामुळे तंबूवासी कुटुंबांना या उद्यानांबाहेरच्या तळांचाच आश्रय घ्यावा लागे. त्यांच्या निवृत्तीनंतर हे धोरण बदलले आणि उद्यानांतील तंबूतळ लोकांना खुले झाले.

कोरड्या वाळूचा प्रश्न १९६६ च्या उन्हाळ्यात ऐरणीवर आला. कॅनन बीच येथील एका मोटेलमालकाने आपल्या इमारतीसमोरची कोरडी वाळू अडवून ती केवळ आपल्या पाहुण्यांसाठी राखली, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याला अडवणे सोपे नव्हते. त्यातून पुढे आलेले ‘बीच बिल’ विधिमंडळात रेंगाळले असता, मे १९६७ मध्ये राज्यपाल टॉम मॅककॉल हेलिकॉप्टरने किनाऱ्यावर उतरले आणि तज्ज्ञांसह वाळूत मोजमापे घेऊन सार्वजनिक हद्द कुठवर असावी हे त्यांनी वार्ताहरांसमोर दाखवून दिले. लोकमताचा रेटा वाढला आणि जुलैमध्ये कायदा झाला. त्यानुसार जमिनीची मालकी खाजगी राहिली, तरी वनस्पतींच्या रेषेपर्यंतच्या वाळूवर जनतेला विहाराचा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या भूमीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क, मान्य झाला.

१९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या हक्काला जो आधार दिला, तो या इतिहासाचा गाभा होय. अठराव्या शतकातील इंग्रज विधिवेत्ता ब्लॅकस्टोन याने रूढीला कायद्याचे बळ येण्यासाठी ती प्राचीन, अखंड, निर्वेध, वाजवी आणि सुनिश्चित असावी, अशा कसोट्या सांगितल्या होत्या, आणि कोरड्या वाळूचा लोकांनी केलेला वापर या कसोट्यांना उतरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला. त्यासाठी वसाहतकारांच्या वापराबरोबरच त्यांच्याही आधीच्या मूलनिवासींच्या शिंपले खणण्याचा आणि वाळूतल्या चुलींचा दाखला निकालपत्रात देण्यात आला. ज्यांचा या भूमीवरील वावर शासनाने बळाने खंडित केला होता, त्यांच्याच चुलींवर इतरांच्या हक्काचे प्राचीनत्व सिद्ध झाले. यांपैकी अनेक समाजांच्या सायलेट्‌झ महासंघाची १९५० च्या दशकात काढून घेतलेली संघराज्यीय मान्यता १९७७ मध्ये परत मिळाली. परंतु किनाऱ्यावरच्या सुटीच्या कौतुकात हे ऋण अद्याप पुरेसे नोंदले जात नाही, आणि ते नोंदल्याशिवाय या प्रथेचा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

आज या वहिवाटीपुढचे आव्हान कुंपणांपेक्षा वेगळे आहे. लाटांनी किनाऱ्याची झीज होत असताना घरे वाचवण्यासाठी दगडी बांध घातले, की पुळणीला मागे सरकायला जागा राहत नाही आणि कोरडी वाळू दोन्हींकडून चेपली जाते. म्हणूनच १ जानेवारी १९७७ पूर्वी विकसित झालेल्या जागांनाच असे बांध घालू देण्याचा नियम राज्याने केला, आणि तो शिथिल करण्याची मागणी होत असते. परंतु वाळूवरचा हक्क वाळू असेपर्यंतच टिकतो. ऑस्वल्ड वेस्ट यांनी ओली वाळू राखली आणि मॅककॉल यांच्या काळात कोरडी वाळू राखली गेली. आता पुळणीला सरकण्याची मोकळीक राखणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल असून, या किनाऱ्यावर मुलांना घेऊन मुक्काम करणाऱ्या प्रत्येक पिढीवर ते सोपवलेले आहे.