मत्स्यविनोद आणि माशीचा गळ

मराठीच्या विद्यार्थ्याला ‘मानसोल्लास’ भेटतो तो बहुधा ‘मराठीचा उत्पत्तिकाल’ या प्रकरणात, आणि तोही दोन-तीन ओळींपुरता. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११२९च्या सुमाराचा. त्यातील गीतविनोदात एक मराठी पद्य आले आहे आणि आद्य मराठीच्या पुराव्यांत त्याची गणना होते, एवढे उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळतात. ते पद्य विष्णूच्या अवताराचे आहे. रसातळातून वेद वर आणणारा मत्स्य त्यात आहे. गंमत अशी, की त्याच ग्रंथाच्या त्याच विंशतीत खऱ्याखुऱ्या, पाण्यातल्या माशांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचे नाव ‘मत्स्यविनोद’. ते आपण उघडत नाही. अनेक वर्षे शिकवूनही मी उघडले नव्हते.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या ‘मानसोल्लासा’चा पहिला खंड १९२५ मध्ये निघाला. मत्स्यविनोदाकडे पुढे गंभीरपणे पाहिले ते भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातील त्यांचा लेख १९५१चा. म्हणजे हे प्रकरण साहित्याच्या नव्हे, मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकाने वाचले. त्यात सुमारे पस्तीस जातींचे मासे येतात. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, समुद्रातले आणि नदीतले, मोठे आणि लहान अशी त्यांची विभागणी आहे. रोहित आणि पाठीन ही नावे संस्कृत वाचकाच्या ओळखीची. उरलेल्यांतील सगळ्यांची ओळख आजही पटलेली नाही. परंतु ग्रंथकाराचा खरा रस दिसतो तो माशांच्या आहारात. कोणत्या जातीला तिळाचे वा भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे गोळे, कोणत्या जातीला मांस, हे तो वेगवेगळे सांगतो. चारा टाकून माशांना आधी जागेची सवय लावायची आणि मग गळ सोडायचा. राजाची करमणूक म्हणून लिहिलेल्या या श्लोकांत पाण्याकाठी किती तास बसून केलेले निरीक्षण साठले असेल!

याच्या शेजारी पाश्चात्त्य परंपरा ठेवून पाहण्याजोगी आहे. इ.स. २०० च्या सुमारास रोमन लेखक ईलियन मॅसिडोनियातील एका नदीची हकीकत सांगतो. तेथील मासे पाण्यावर उतरणारी एक माशी खातात. पण ती माशी हातात धरली की तिचा रंग उडतो, म्हणून कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे तिला बांधतात. ‘फ्लाय फिशिंग’चा हा जुना वृत्तांत. १४९६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत अशा बारा माश्या कृतीसह दिल्या आहेत. आपल्याकडे हा छंद आणला साहेबाने. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री थॉमस याचे ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ मध्ये मंगळूरला छापले गेले. अमेरिकेत ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा मासा याच रीतीने धरतात. त्याचे तोंड लहान, म्हणून गळही लहान. पाण्यावर तरंगणारा फोमचा कोळी किंवा पाण्याखाली उतरणारी अळी, हे ऋतू पाहून ठरवायचे.

दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: हा मासा आज काय खातो आहे? फरक उत्तरात आहे. सोमेश्वर माशाला खरोखर जेवू घालतो. माशी बांधणारा त्याला जेवणाची प्रतिमा दाखवतो. साहित्याच्या माणसाला दुसरी रीत अधिक मोहवते हे खरे, अनुकृतीचा प्रश्नच तो. पण ‘आमिष’ या शब्दाचा मूळ अर्थ मांस, हे ध्यानात घेतले तर आपली भाषा पहिल्या रीतीची आहे. ‘गळाला लागणे’ आपण राजकारणाच्या बातम्यांत रोज वाचतो; गळ मात्र विसरलो.

मागच्या हिवाळ्यात कुपवाडहून सांगलीला कृष्णेच्या घाटावर गेलो असता एक म्हातारे गृहस्थ कणकेच्या गोळ्या वळत बसले होते. सोमेश्वराचे पीठ डोळ्यांपुढे आले. मरळीलाही हेच चालते का, असे विचारले. “छ्या! मरळीला बेडकी लागती, सर. कणीक खाणारा मासा येगळा,” ते म्हणाले. आहारावरून जात ओळखण्याची ही रीत त्यांनी कोणत्याही ग्रंथातून घेतलेली नव्हती. उलट मला शंका येते ती ग्रंथाचीच. राजाला हे सांगितले कोणी? पस्तीस माशांची नावे नोंदवणाऱ्या या प्रकरणात ती सांगणाऱ्या भोयाचे किंवा कोळ्याचे एकही नाव नाही. आद्य मराठी पद्याचा कर्ता अनाम आहे याची खंत आपण वर्गात व्यक्त करतो. हे अनामत्व आपल्याला खुपतही नाही.

यंदा त्या पद्याबरोबर मत्स्यविनोदाची पानेही वर्गात वाटली. प्रत्येक नावापुढे आपापल्या गावातले नाव लिहून आणा, एवढेच सांगितले. पहिला कागद आला त्यावर, यादीच्या बाहेर, ‘चिलापी’ असे लिहिले होते. तो मासा मूळचा आफ्रिकेचा. भारतात आणला गेला १९५२ मध्ये.