दादीची गोधडी आणि मित घम्र

जानेवारी 2017 मध्ये दादी गेली. तिच्या गोधडीच्या अस्तरात हजाराच्या नऊ नोटा सापडल्या. बँकेत भरायची मुदत 30 डिसेंबरलाच संपलेली. व्याज नको, म्हणून ती बँकेची पायरी कधी चढली नाही.

अशीच माणसं इजिप्तच्या खेड्यांत होती. अर्थतज्ज्ञ अहमद अल-नज्जार पश्चिम जर्मनीत शिकले. तिथल्या स्थानिक बचत बँका त्यांनी पाहिल्या आणि 1963 साली नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मित घम्र गावी तशीच बँक काढली, पण बिनव्याजी. शेतकऱ्यानं चार पैसे टाकावेत, लागतील तेव्हा काढावेत. शिलकीवर व्याज नाही, मात्र नड आली तर बिनव्याजी कर्जाची सोय. गुंतवणुकीचं खातं वेगळं, त्यात नफ्यातला वाटा. जकातीचा निधी निराळा. नासिरच्या राजवटीत ‘इस्लामी’ पाटी लावणं जोखमीचं, म्हणून ती लावलीच नाही. (ही हुशारी मला फार आवडते.) कर्ज हवं असेल तर आधी बचत करावी लागे, त्यामुळे सवय आपोआप लागायची. 1967 मध्ये सरकारी बँकांनी हा प्रयोग गिळला.

मित घम्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण खात्यातलं व्याज वेगळं काढून, सवाबची नियत न ठेवता, गरिबाला देऊन टाकतात, हे ठाऊक होतं. मी स्वतः तेच करत होतो. दादीला मात्र कधी सांगितलं नाही.

नोटा अब्बांनी तिच्या कुरआनच्या जुजदानात ठेवल्यात.