कुर्लीचं बीळ

माझ्या आज्याची उजवी टाच डाव्या टाचेपेक्षा रुंद होती. खरंच होती, की आजीनं सांगून सांगून ती आम्हा नातवंडांना तशी दिसायला लागली होती, ते आता सांगता येणार नाही. आजी म्हणायची, "बांदान खाल्ली ती." रोज तिन्हीसांजेला आजा बांधावर चक्कर मारायचा, आणि अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला तर रात्रीसुद्धा, हातात कंदील घेऊन. कुर्लीचं बीळ दिसलं की चिखलाचा गोळा त्यात कोंबायचा, वर टाच रोवायची आणि जागच्या जागी गर्रकन फिरायचं. की पुढचं बीळ. मी मागून त्याच्या पावलांवर पावलं टाकत जायची. चिखल गार असायचा, आणि बाजूच्या बिळातून एखादी कुर्ली डोळे वर काढून बघत असायची.

दिवाडी हे माझं आजोळ. मांडवीच्या पात्रात बसलेलं बेट. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरायचं, फेरीत पाय ठेवायचा, आणि मामा पलीकडच्या धक्क्यावर उभा दिसायचा. एक फेरी रायबंदरहून, एक वरच्या अंगाला नार्व्याकडे. बेटाच्या मधोमध टेकडी, टेकडीवर पिएदादची इगर्ज, उतारावर घरं नि माड, आणि सभोवार, नजर पोचेल तिथवर, सपाट खाजण. आमच्याकडे जमिनीला उंचीप्रमाणे नाव असतं: वरची ती मोरड, मधली रेताड ती खेर, आणि नदीच्या अंगाची ती खाजण. खाजण भरतीच्या पाण्याहून खाली असते. बांध नसेल तर दिवसातून दोनदा खारं पाणी शेतात येईल, म्हणजे शेत राहणारच नाही. नदीकडून मागून घेतलेली जमीन आहे ती.

ही मागणी किती जुनी? कोकणच्या मौर्यांपैकी अनिर्जितवर्मन् राजाचा एक ताम्रपट फोंड्याजवळच्या बांदिवड्याला मिळाला, त्यात 'खज्जन' हा शब्द आहे. म्हणजे सहाव्या शतकाच्या आगेमागे कुणीतरी माझ्या आज्यासारखाच खाऱ्या चिखलात उभा राहून बांध घालत होता. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळही दिवाडीचंच. पोर्तुगिजांच्या काळात ते मोडलं तेव्हा देव नदी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्यात गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. आजी गोकुळाष्टमीला होडीतून नार्व्याला न्हायला जायची. परतताना पदराच्या गाठीत प्रसाद आणि डोक्यावर कुणाकडून तरी आणलेलं वेलाचं रोप. देव पलीकडे गेला, पण शेत कुठे नेता येणार, असं ती म्हणायची.

मानस मला आज्यानं दाखवली. बांधात जिथे नदीचं पाणी आत-बाहेर होतं तिथे दगडी चौकट, आणि चौकटीत लाकडी दारं. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं दारं आपसूक मिटतात. सुकती लागली की आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतात. दारावर माणूस नको, दोरी नको. रात्री मिटताना 'धप्प' असा आवाज यायचा, तो थेट आमच्या सोप्यावर ऐकू यायचा. आजा झोपेतच कूस बदलायचा. आवाज आला नाही तर मात्र उठून बसायचा.

पहिले पाऊस शेतातलं मीठ धुऊन नेतात. ते पाणी मानशीतून नदीत सोडून द्यायचं, आणि मग मोड आणलेलं बियाणं चिखलात फेकायचं. बियाणं कोरगुटाचं. इतर भात जिथे करपून जातं तिथे कोरगुट खाऱ्यात पाय रोवून उभं राहतं. उंच वाढतं, वाऱ्यानं आडवं पडतं, लोंबीला लांब कुसं असतात, दाणा तांबूस. उत्पन्न बेताचं. पण पावसाळ्याच्या सोरदाच्या पिकाला ना विकतचं खत लागे, ना औषध. नदीचा गाळच सगळं देई. कापणीनंतर मानस उघडून भरती आत घ्यायची, की त्याच शेतात सुंगटं, शेवटे, कुर्ल्या. रात्री सुकतीच्या वेळी मानशीच्या तोंडाला जाळं लावलं की मानशेकार पाट्या भरभरून सुंगटं काढायचा. एकाच वाफ्यात भातही आणि त्यावरचं हुमणही, असं शेत मी आणखी कुठे पाहिलं नाही.

आणि ती सकाळी दहाची पेज! शेतावर जाणाऱ्याची पेज दहालाच. कोरगुटाचे उकडे तांदूळ, त्यांचा लालसर निवळ, बाजूला मिठातली तोर, नाहीतर सुक्या सुंगटांची किसमूर, वर खोबरं. शेजारच्या शेताचा मालक ख्रिस्ती म्हातारा होता, आम्ही त्याला तीव म्हणायचो. तो आणि आजा एकाच बांधावर पाय सोडून पेज पीत बसायचे. तीव आपल्या डब्यातली पारे, म्हणजे सुक्या माशाचं तिखट लोणचं, आज्याच्या ताटलीत घालायचा. आजीचा विटाळ-चांडाळ कडक, पण बांधावर तो लागत नाही असा तिचा स्वतःचा निवाडा होता.

१९५५ साली भारतानं पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. गोष्ट आजीच्या तोंडची, तेव्हा तारीखवार विचारू नका. बाजारात बटाटे हॉलंडचे आणि तांदूळ पाकिस्तानातून आलेला, असं ती सांगे. "ऑलांदाचे बटाट, पूण पेज घरची." तिच्या बोलण्यातला अभिमान त्या 'पूण' मध्ये असायचा. माळ्यावर गवताच्या मुड्यांत बियाणं बांधून टांगलेलं होतं. त्या वर्षी दोन मुड्या मोडाव्या लागल्या, आणि तेव्हा आज्यानं तिच्याशी दोन दिवस अबोला धरला होता. बियाणं खाणं हे त्याच्या लेखी पाप. पोरं उपाशी ठेवणं हे तिच्या लेखी. दोघांचंही खरंच होतं.

आजा शेताचा मालक नव्हता, कूळ होता. जमीन गावकारीची. हिला पोर्तुगीज कोमुनिदाद म्हणत, पण ती त्यांच्याही आधीची. १५२६ साली अफोन्सो मेशियानं गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, त्या लिखाणाला फोराल म्हणतात. गावकारी शेतांची पावणी, म्हणजे लिलाव, करायची, मानशीतल्या मासळीचा लिलाव करायची, आणि त्या पैशातून बांध राखायची. मी तिचे गोडवे गात नाही. वाटेकरी ठरले होते ते मूळ गावकरांच्या घरातले पुरुष, आणि कुळानं खंड भरायचा नि वर मान खाली घालायची. आजा भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात कधी चपला घालून गेला नाही. पण बांध फुटला तर कुणाला बोलवायचं, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शेताच्या हद्दीवरून भांडणं काय कमी झाली? दिवाडीचा बोंदेरां हा उत्सव त्यातूनच आला, असं सांगतात. पोर्तुगीज हद्दीवर निशाणं रोवायचे, लोक दगड मारून ती पाडायचे. आता ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बँड लागतो, रंगीत निशाणं मिरवतात, पोरं बांबूच्या फोटाशी उडवतात. मला ती मिरवणूक पाहताना नेहमी वाटतं की ही माणसं वीतभर चिखलासाठी जीव टाकत होती, कारण तो चिखल खायला घालत होता.

१९६१ ला गोवा मुक्त झाला. भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं १९६४ साली कूळ कायदा आणला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनं कसेल त्याची जमीन झाली. मामानं कागद आणला तेव्हा आजीनं त्याला हळद-कुंकू लावून देवापुढे ठेवलं. मी तेव्हा शाळकरी होते. आज्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "बाय, शेत आमचें जालें. बांद कोणाचो जालो?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं असं नाही. बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली, तसे नियम १९७५ सालीच झाले होते. पण गावकारीकडे पावणीचा पैसा होता, हुकूम होता आणि शतकांची सवय होती. संघाकडे एक वही होती. कुळांची पोरं पणजीत नोकरीला लागली, काही आखातात गेली, काही बोटीवर. वाटण्या होऊन शेताचे गुंठे झाले. मानशीच्या मासळीचा लिलाव मात्र चढत गेला, कारण सुंगटाला भाव आला. मग काही ठिकाणी सुंगटं जास्त यावीत म्हणून मानशीची दारं नको तेव्हा उघडी राहू लागली, आणि खारं पाणी भाताच्या दिवसांतही शेतात शिरलं. मासळी आणि भात ही भावंडं होती, त्यांची भाऊबंदकी झाली. त्यात भर पडली ती नदीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जींची. एक बार्ज गेली की तिच्या लाटा बांधाला धडका देत. आजा बार्जी मोजायचा. एका दिवसात त्यानं किती मोजल्या होत्या, तो आकडा मी विसरले, पण मोजता मोजता त्याचा चेहरा कसा होई ते आठवतं.

बांध फुटला तो ऐंशीच्या आगेमागे. मामी म्हणते पुनवेला, मला अमावास्या आठवते, कारण अंधार होता. रात्री कुणीतरी ओरडलं, "बांद फुटलो!" आणि इगर्जेची घंटा वाजू लागली. आजा सत्तरी ओलांडलेला. तरी पेंढ्याची पेंडी डोक्यावर घेऊन धावला. माणसं चिखल, पेंढा, माडाचे ओंडके, हाताला येईल ते आणत होती. पण जिथे पूर्वी शंभर यायचे तिथे वीस-पंचवीस आले. सकाळपर्यंत फट बैलगाडी जाईल एवढी झाली होती. तिथे आधी एक कुर्लीचं बीळ होतं, आणि ते ज्या शेतासमोर होतं तो शेतकरी मुंबईत होता. आजा त्या फटीशी बसून राहिला. तीव त्याच्या शेजारी. दोघांनी त्या दिवशी पेज घेतली नाही.

सरकारी बांध यायला वर्षं गेली. तोवर निम्म्या खाजणीत तिवरं उगवली. तिवरं चांगली, मासळीची अंडी त्यांच्या मुळांत, वादळाला आडोसा तेच. शेजारच्या चोडण बेटावर तर १९८८ पासून सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तेही तिवरांचंच. पण आपल्या शेतात एकदा ती वाढली की कायद्यानं तोडता येत नाहीत. मामाच्या सातबाऱ्यासारख्या कागदावर, आमच्याकडे त्याला एक-चौदाचा उतारा म्हणतात, शेत आजही आहे. जागेवर बगळे आहेत.

उरलेला तुकडा आता माझा मामेभाऊ करतो. मधली बरीच वर्षं मामानं तिथे ज्योती लावलं. दाणा जास्त, भाव बेताचा, आणि पाणी जरा खारं झालं की पीक पिवळं. मामेभावानं कोरगुट परत आणलं. बियाणं शोधायला तो चार गावं फिरला. नदीपलीकडे एलाला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथे कोरगुटातूनच निवडून खाऱ्यात टिकणाऱ्या 'गोवा धान' नावाच्या जाती तयार केल्या आहेत. त्यातली एक त्यानं अर्ध्या वाफ्यात करून पाहिली. कापणीच्या यंत्राला फेरीतून आणायचं, आणि आणलं तरी खाजणीत ते रुततं. कापणी हातानंच. मजूर परराज्यातले, त्यांनाही फेरी. बेटावरच्या शेतकऱ्याचा प्रत्येक रुपया दोनदा नदी ओलांडतो. पण पणजीची माणसं आता त्याच्याकडे लाल तांदूळ मागायला येतात. ज्याला गरिबाचं अन्न म्हणून नाक मुरडायचे तोच तांदूळ किलो-किलोनं, नाव सांगून नेतात. दिवाळीच्या फोवांसाठी त्याच्याकडे दसऱ्याच्या आधीच नोंदणी होते. गेल्या वर्षी मलाच दोन किलो कमी मिळाले, आणि मला रागही आला नि बरंही वाटलं.

मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, त्यानं मला बोलावलं. आमच्या अंगाच्या बांधावर आणखी सात जणांची शेतं येतात. त्यानं सातही जणांना फोन केले होते. चौघे आले, त्यात तीवचा नातू होता. पाचव्यानं कुवेतहून पैसे पाठवले. सहाव्याच्या बायकोनं डबाभर चहा पाठवला. सातव्याचा फोन वाजत राहिला. संध्याकाळपर्यंत चिरे बसवले, चिखल थापला, पेंढा कोंबला. सातव्याच्या समोरचा तुकडा उरला होता. भरती चढायला लागली होती. तीवच्या नातवानं बूट काढून बाजूला ठेवले, मामेभावानं घमेलं उचललं, आणि कुणी कुणाला काही न विचारता ते त्या तुकड्याकडे वळले.

मी मागे राहून भांडी गोळा केली. रात्री सोप्यावर झोपले होते. मानशीची दारं आता नवी आहेत, आवाज थोडा वेगळा येतो. तरी आला. मी कूस बदलली.